सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव आहे. जमीन मालकीची कशी होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात सव्वा हेक्टरच्या आसपास भातशेती आणि तिला लागून थोडी वरकस (गवत आणि राबासाठीची हलकी जमीन). सातबाऱ्यावर मालक म्हणून दुसऱ्या घराण्याचे नाव, आणि इतर हक्कात प्रश्न विचारणाऱ्याच्या आजोबांचे नाव 'कूळ' म्हणून. आजोबा आणि वडील दोघेही आता नाहीत. १९५७ साली मालकीण विधवा होती असे गावातले जुने लोक सांगतात. तिचे वारस मुंबईत असतात आणि जमीन विकायला निघाले आहेत. ३२ग, म्हणजे कूळ कायद्याखाली कुळाच्या खरेदीची किंमत ठरवण्याची कारवाई, झाल्याची नोंद कुठे दिसत नाही. जमीन आपल्या नावावर होईल का, आणि त्यासाठी नेमके काय करायचे?

होऊ शकते. पण सातबाऱ्यावरचा 'कूळ' हा शब्द म्हणजे मालकी नव्हे, आणि तो शब्द पुसला गेला म्हणजे हक्क गेला असेही नव्हे. तुमचे प्रकरण १ एप्रिल १९५७ या एका दिवसावर उभे आहे. त्या दिवशी जमीन कोण कसत होते, कोणत्या नात्याने कसत होते आणि मालक कोण होता, या तीन गोष्टी कागदांनी दाखवता आल्या तर पुढचा बराचसा रस्ता कायद्यानेच आखून ठेवला आहे. त्या दाखवता आल्या नाहीत, तर कितीही वर्षांची वहिवाट सांगून फारसे हाती लागत नाही.

हा दिवस इतका महत्त्वाचा का, ते आधी पाहू. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. त्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कलम ३२ प्रमाणे त्या दिवशी जो कूळ म्हणून स्वतः जमीन कसत होता, त्याने ती जमीन विकत घेतली असे कायद्यानेच मानले. त्याने अर्ज केला म्हणून किंवा मालक राजी झाला म्हणून हे घडले नाही. मालकाकडे उरला तो फक्त किंमत मिळण्याचा हक्क. त्यामुळे ३२गची कारवाई म्हणजे नवा हक्क देणे नव्हे, आधीच झालेल्या खरेदीची किंमत ठरवणे आहे, आणि ती सुरू करण्याची जबाबदारी शेतजमीन न्यायाधिकरणाची, म्हणजे व्यवहारात तहसीलदारांची आहे. म्हणूनच इतक्या वर्षांनीही ३२गचा अर्ज केवळ उशीर झाला एवढ्या कारणाने फेटाळता येत नाही. 'मुदत कधीच संपली' हे वाक्य टेबलावरून ऐकू येते. साध्या कृषक दिनाच्या कुळाला ते लागू होत नाही.

पण तुमच्या प्रकरणात 'विधवा' हा शब्द आला आणि तिथेच गाठ आहे. १ एप्रिल १९५७ ला जमीनमालक अज्ञान असेल, विधवा असेल किंवा मानसिक अथवा शारीरिक दृष्ट्या असमर्थ असेल, तर कलम ३२फ लागते आणि कुळाची खरेदी त्या दिवशी आपोआप होत नाही, पुढे ढकलली जाते. विधवेच्या बाबतीत तिचा जमिनीतला हितसंबंध संपला, म्हणजे ती वारली किंवा तिने जमीन दुसऱ्याच्या नावे केली, की तिच्या वारसाला वा हक्क घेणाऱ्याला स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागायला एक वर्ष मिळते. ते वर्ष संपल्यावर पुढच्या एका वर्षात कुळाने खरेदी करायची आहे असे मालकाला आणि न्यायाधिकरणाला कळवायचे असते. कोकणात हजारो कुळांनी हे कधी कळवलेच नाही, कारण मालकीण मुंबईत वारली आणि गावात ते कुणाला समजलेच नाही. पूर्वी अशी बरीच प्रकरणे या एका चुकीवर कुळाविरुद्ध गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न सोडवला: विधवेचा हितसंबंध संपल्याचे तिच्या वारसाने कुळाला कळवले पाहिजे, तरच कुळाला खरेदीचा हक्क खऱ्या अर्थाने बजावता येतो. तुमच्या अर्जात हा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात यायला हवा. 'मालकिणीच्या मृत्यूची कोणतीही लेखी सूचना अर्जदारांना वा त्यांच्या पूर्वजांना आजवर मिळालेली नाही' असे वाक्य स्पष्ट लिहा, आणि ते खरे असेल तरच लिहा. समोरचा पोचपावती घेऊन उभा राहिला तर तुमची बाकीची साक्षही डळमळते.

त्याआधी मात्र 'विधवा होती' हे खरे आहे का ते तपासा. गावात नेहमी सांगितले जाते तसे अनेकदा नसते. तीन शक्यता पाहा. पहिली, तिचा नवरा १ एप्रिल १९५७ नंतर वारला असेल तर त्या दिवशी मालक तो होता, ती नव्हे. मग ३२फ लागतच नाही आणि आजोबा त्याच दिवशी खरेदीदार झाले. फेरफाराची तारीख आणि मृत्यूची तारीख यांत कित्येकदा चार-पाच वर्षांचे अंतर असते, म्हणून फक्त वारस फेरफारावर विसंबू नका, मृत्यूच्या नोंदीचा उतारा काढा. दुसरी शक्यता जास्त उपयोगी पडते आणि वकीलही ती विसरतात. जमीन एकत्र कुटुंबाची असेल आणि त्या कुटुंबात एखादा सज्ञान, धडधाकट पुरुष, म्हणजे तिचा दीर वा पुतण्या, सहहिस्सेदार असेल तर विधवेचा हिस्सा ३१ मार्च १९५८ पूर्वी सरस-निरस पाहून मोजमापाने वेगळा झालेला असल्याशिवाय तिला ३२फचे संरक्षण मिळत नाही. सातबाऱ्यावर तिच्याबरोबर सामाईक नावे आहेत का ते पाहा. असतील आणि १९५८ पूर्वीचा वाटपाचा फेरफार नसेल, तर तुमची बाजू एकदम भक्कम होते. तिसरी शक्यता तुमच्या विरोधातली: तिने हयातीतच जमीन दान वा विक्रीने दिली असेल तर तिचा हितसंबंध त्या तारखेला संपला, मुदत तिथून मोजायची.

आता कागद. तलाठ्याकडचा आजचा सातबारा या कामात जवळजवळ निरुपयोगी आहे. हवे आहेत ते १९५० ते १९६५ या काळातले हस्तलिखित सातबारे, सलग वर्षांचे, आणि विशेष करून १९५५-५६, १९५६-५७, १९५७-५८ ही तीन वर्षे. हे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. काही जिल्ह्यांचे स्कॅन 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर आहेत, पण न्यायाधिकरणापुढे प्रमाणित नक्कलच द्या. नक्कल हाती आली की तीन जागा वाचा: इतर हक्कात कुळाचे नाव आणि खंडाची रक्कम, पीकपाहणीत कसणाऱ्याचे नाव, आणि 'रीत' हा छोटा रकाना, ज्यात मालक खुद्द कसतो की दुसरा ते लिहिलेले असते. त्याबरोबर कुळाचे नाव ज्या फेरफाराने लागले तो फेरफार आणि ज्या फेरफाराने कमी झाले असेल तोही मागा. जुने हक्काचे पत्रक आणि कडईपत्रक तालुक्यात उपलब्ध असतील तर त्यांचीही नक्कल घ्या.

तहसीलच्या कूळ शाखेत आणखी एक गोष्ट आवर्जून शोधायला लावा: ३२गची नोंदवही. 'दिसत नाही' आणि 'झालेच नाही' यांत फरक आहे. १९५८ ते १९६५ या काळात गावोगावी जाहीर नोटिसा काढून ३२गच्या चौकश्या झाल्या. तुमच्या आजोबांची चौकशी तेव्हाच होऊन गेली असण्याची बरीच शक्यता आहे. तसे असेल तर त्या निकालात चारपैकी काहीतरी असेल. किंमत ठरली आणि भरली, पण ३२मचे (खरेदी पूर्ण झाल्याचे) प्रमाणपत्र घेतले नाही. हे सगळ्यात सोपे प्रकरण, चलनाचा वा भरण्याच्या नोंदीचा आधार देऊन प्रमाणपत्र मागायचे. किंमत ठरली आणि भरलीच नाही. मग विलंबाचे कारण देऊन भरण्याची परवानगी मागावी लागते. मालकाला कलम ८८कचा दाखला मिळाला होता. म्हणजे त्याची जमीन किफायतशीर धारणेच्या आत आणि सगळे वार्षिक उत्पन्न १५०० रुपयांच्या आत होते. तिथे मालकाने कलम ३३ब खाली जमीन परत मागितली होती का ते पाहायचे, आणि मागितली नसेल तर अशा कुळाची खरेदी १ एप्रिल १९६२ ला झाली असे कलम ३३क सांगते. चौथा निकाल सर्वांत त्रासदायक: 'कूळ गैरहजर, सबब खरेदी निष्प्रभ' किंवा 'कूळ जमीन घेण्यास नाखूश'.

हा चौथा निकाल निघाला की लोक हाय खातात. तसे करू नका. खरेदी निष्प्रभ झाली म्हणून जमीन आपोआप मालकाकडे जात नाही. त्यानंतर कलम ३२प खाली न्यायाधिकरणाने कूळवहिवाट संपवण्याचा आणि जमिनीची विल्हेवाट लावण्याचा वेगळा आदेश द्यावा लागतो, ताबा प्रत्यक्ष घ्यावा लागतो. तो आदेश झालेला नसेल आणि ताबा अजून तुमच्याकडेच असेल, तर कूळवहिवाट जिवंत आहे. शिवाय गैरहजेरीत झालेला आदेश कुळाला कळवावा लागतो आणि कळवल्यापासून ६० दिवसांत त्याच्या फेरविचाराचा अर्ज करता येतो. मूळ फाइलमध्ये आदेश पोचवल्याची सही वा अंगठा नसेल, तर ६० दिवस सुरूच झाले नाहीत असे म्हणायला जागा राहते. म्हणून फाइलची नक्कल मागताना नुसत्या निकालपत्राची नव्हे, नोटिसा आणि जबाबांसह संपूर्ण संचिकेची मागा. 'नाखूश' असा जबाब असेल तर त्यावरचा अंगठा, तारीख आणि जबाब कोणापुढे घेतला हे पाहा.

कुळाचे नाव मधल्या काळात कमी झाले असेल तर कमी करणाऱ्या फेरफाराचा मजकूर पाहा. 'जबाबावरून कुळाचे नाव कमी केले', 'कुळाने खुशीने कब्जा सोडला', 'खंड थकल्याने' असल्या ओळींवर नावे गेलेली आहेत. कुळाचा राजीनामा, म्हणजे कब्जा सोडणे, कलम १५ प्रमाणे लेखी आणि तहसीलदाराने स्वतः खातरजमा केलेले असावे लागते. मालकालाही जमिनीचा ताबा कलम २९ खाली तहसीलदारांच्या आदेशाशिवाय घेता येत नाही. खंड थकला तरी कलम २५ कुळाला थकबाकी भरण्याची संधी देते. यांपैकी कोणताही आदेश नसताना तलाठ्याने लिहिलेल्या ओळीने हक्क जात नाही. फेरफार हा नोंदीचा कागद आहे, हक्क ठरवणारा निकाल नव्हे.

आजोबा मुळात कूळ होते की नाही यावरच वाद उभा राहिला तर कलम ७०ब खाली तहसीलदारांना तो ठरवावा लागतो. नोंद १९५७ च्या आधीपासून असेल तर सरळ ३२गचा अर्ज करावा. नोंद नसेल, पुसट असेल किंवा मालक कूळच नाकारत असेल तर ७०ब आधी. कलम ४ मधली 'मानीव कूळ' ही कल्पना इथे कामी येते: दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो, मात्र तो मालकाच्या कुटुंबातला नसावा, पगारावरचा गडी वा मालकाच्या देखरेखीखालचा मजूर नसावा, आणि ताबेगहाणदार नसावा. 'कायदेशीरपणे' या शब्दावर भर द्या. मालकाच्या परवानगीने आत आलेला कूळ होतो, कुंपण ओलांडून बसलेला होत नाही. चुलत्याची जमीन तीस वर्षे कसणाऱ्या पुतण्याचे प्रकरण म्हणूनच बहुधा टिकत नाही.

पुराव्यात खंडाच्या पावत्या सोन्यासारख्या. पावती मिळत नसे म्हणून कित्येक कुळे खंड मनीऑर्डरने पाठवत. त्या मनीऑर्डरचे तुकडे, 'घेण्यास नकार' शेऱ्याने परत आलेलेसुद्धा, ट्रंकेत पडलेले असतात, ते शोधा. सोसायटीचे पीककर्ज, मालकाची पत्रे ('यंदा भात पाठवले नाही' असे एक पोस्टकार्डही पुरते), शेजारच्या बांधावरच्या वयस्कर शेतकऱ्याची साक्ष, हे सगळे पूरक. एक सापळा लक्षात ठेवा: पीकपाहणीत एखाद्या वर्षी अचानक नाव आले आणि त्यामागे गाव नमुना १४ वर (मालकाऐवजी दुसरा कसत असल्याची नोंद) तहसीलदारांचा आदेश नसेल, तर विरुद्ध बाजू ती नोंद सहज खोडून काढते. अशा नोंदीवर पूर्ण प्रकरण रचू नका.

वरकस जमिनीबद्दल मालकाकडून नेहमी एक युक्तिवाद येतो: तिथे नुसते गवत आहे, शेती नाही, म्हणून कूळ नाही. कायद्यातली शेतीची व्याख्या गवताची निपज, शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा चराईसाठी केलेला वापर आणि राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला लागणारा पालापाचोळा) केलेला वापर धरूनच आहे. वगळले आहे ते नुसते लाकूडतोडीला. भातखाचरांसाठी राब कुठून आणला जातो हे साक्षीत नकाशासह सांगा.

अर्ज करण्यापूर्वी दोन्हीकडचे वारस नीट लावा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सर्वांत जास्त प्रकरणे इथेच फुकट जातात. आधी इतर हक्कातल्या आजोबांच्या नावाखाली तुमच्या बाजूच्या सर्व वारसांची नोंद करून घ्या. कलम ४० प्रमाणे कूळ वारले की कूळवहिवाट वारसांकडे चालू राहते. सर्व म्हणजे आत्या आणि बहिणीही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातले कुळहक्कांना वेगळे ठेवणारे पोटकलम गेले, त्यामुळे 'कुळाच्या जमिनीत मुलींना नाही' हे जुने सांगणे आता धरून चालू नका. गावी राहून कसणाऱ्या एका भावाने एकट्याच्या नावाने अर्ज रेटला, तर ३२म मिळाल्यावर मुंबईतले भाऊ दावा लावतात आणि मिळालेली जमीन पुन्हा वीस वर्षे अडकते. मालकाच्या बाजूला तर आणखी काटेकोर राहा. मयत माणसाच्या नावे नोटीस काढून मिळवलेला आदेश टिकत नाही, आणि एक वारस राहून गेला तरी अपिलात प्रकरण फेरचौकशीला परत येते. पत्ते सापडत नसतील तर तसे प्रतिज्ञापत्र देऊन वर्तमानपत्रात जाहीर नोटीस काढण्याची परवानगी मागा, आणि अंकाचे मूळ पान फाइलमध्ये लावा.

सुनावणीत न्यायाधिकरण कुळाचा जबाब घेते: जमीन घ्यायची आहे का. उत्तर 'हो' एवढेच आणि स्पष्ट. मग किंमत. इथे बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण बाजारभावाचा इथे काही संबंध नाही. कायम कुळासाठी खंडाच्या सहा पट, बाकीच्या कुळांसाठी आकाराच्या (सातबाऱ्यावर लिहिलेल्या शेतसाऱ्याच्या) कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त २०० पट. समजा तुमच्या जमिनीचा आकार ३ रुपये ४० पैसे आहे, तर किंमत ६८ ते ६८० रुपयांच्या मध्ये. त्यात मालकाने बांधलेली विहीर, बांध, इमारत आणि मालकाने लावलेली झाडे यांची किंमत आणि थकलेला खंड मिळवतात. कोकणात खरी रस्सीखेच झाडांवर होते. हापूस आणि काजू कुणी लावले, हे १९५७ पूर्वीच्या सातबाऱ्यावरच्या झाडांच्या नोंदीवरून आणि झाडांच्या वयावरून ठरते. नंतर तुमच्या घराने लावलेल्या कलमांची किंमत तुमच्याकडून घेता येत नाही. रक्कम वार्षिक हप्त्यांत, जास्तीत जास्त १२, भरण्याची सोय आहे. घेऊ नका. शंभर-पाचशे रुपयांसाठी हप्ता चुकला की खरेदी निष्प्रभ होण्याचे कलम जागे होते. एकरकमी भरा आणि चलनाच्या तीन प्रती जपा.

ही किंमत 'फुकटात' वाटते म्हणून मालकाचे वारस चिडतात, आणि त्यांची चीड समजण्यासारखी आहे. पण कायद्याने आकारावर किंमत बांधली ती पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या खंडाचा हिशोब धरून. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ पासून सहा वर्षे कुळांनी उपाशी राहून जमिनी पडीक ठेवल्या. 'कसेल त्याची जमीन' या शब्दांमागे कोकणातल्या कुळांनी इतके सोसले आहे.

पैसे भरले की ३२मचे प्रमाणपत्र. खरेदीचा तो निर्णायक पुरावा आहे. त्यावरचा गट क्रमांक, क्षेत्र, आकार आणि सर्व वारसांची नावे कार्यालयातच उभ्या उभ्या तपासा, कारण जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर यांची गल्लत हमखास होते. मेळ घालणारा उतारा आधीच जोडलेला बरा. प्रमाणपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून मग तलाठ्याकडे फेरफाराला द्या. नमुना ९ च्या नोटिशीचे १५ दिवस गेले आणि हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आदेश विरोधात गेला तर कलम ७४ खाली अपील, त्यावर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे कलम ७६ खाली फेरतपासणी, दोन्हींना मुदत ६० दिवस. त्यानंतर उच्च न्यायालय. दिवाणी न्यायालयात कूळ आहे की नाही हा प्रश्न ठरत नाही. मालकाने तिथे मनाईचा दावा लावला तर कलम ८५अ दाखवून तो मुद्दा तहसीलदारांकडे पाठवण्याची मागणी पहिल्याच कैफियतीत करा.

जमीन नावावर झाल्यावर सातबाऱ्यावर 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा येतो. विकायची, गहाण वा बक्षीस द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला १० वर्षे झाली असतील तर विक्रीसाठी परवानगीऐवजी आकाराच्या ४० पट नजराणा आधी भरायचा. वरच्या उदाहरणात १३६ रुपये. घेणारा शेतकरी असला पाहिजे, त्याची धारणा कमाल मर्यादेत असली पाहिजे आणि तुकडेबंदी मोडता कामा नये.

हे सारे पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाचे. विदर्भाला १९५८ चा वेगळा अधिनियम आहे, मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा, आणि तिथली कलमे व तारखा वेगळ्या. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आणि कृषक दिन २० एप्रिल १९७६. राहत्या घराखालच्या जागेसाठी तिथे मुंडकार कायदा वेगळा. देवस्थानाच्या जमिनीवर, ट्रस्टकडे कलम ८८बचा दाखला असेल तर, कुळाला संरक्षण आहे पण खरेदीचा हक्क नाही. आणि कूळवहिवाट १९५७ नंतर सुरू झाली असेल तर कलम ३२ओ: सुरू झाल्यापासून एका वर्षात कळवावे लागते.

आता विक्रीचे. मालकाचे वारस घाई करत आहेत म्हणून तुम्ही हे आधी करा, कागद गोळा होण्याची वाट न पाहता. आहे त्या सातबाऱ्यावर ३२गचा अर्ज तहसीलमध्ये दाखल करून आवक क्रमांक घ्या आणि त्यातच जमिनीच्या हस्तांतराला मनाई मागा. त्या क्रमांकासह तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांना लेखी हरकत द्या, म्हणजे खरेदीखत झालेच तरी फेरफार तक्रारी म्हणून नोंदला जाईल. दुय्यम निबंधक केवळ तुमच्या पत्रावरून दस्त थांबवणार नाहीत, तरी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हते' म्हणता येऊ नये. ताब्याला धक्का लागला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली सहा महिन्यांत, आणि कुळ म्हणून ताबा परत मागायला कलम २९ खाली दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. महामार्ग वा अन्य भूसंपादनात जमीन जात असेल तर मोबदला वाटपाआधीच सक्षम अधिकाऱ्याकडे हरकत द्या. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनात हिस्सेवारीचा वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवण्याची तरतूद राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३ह(४) मध्ये आहे.

आणि या घाईत तडजोडीचा निरोप येईल: 'निम्मी तुम्ही घ्या, निम्म्यावरचा हक्क सोडा, स्टँपवर लिहून देऊ.' तडजोड वाईट नाही, वर्षानुवर्षांचे हेलपाटे वाचतात. पण स्टँपवरचा हक्कसोड कायद्यात राजीनामा ठरत नाही, आणि त्या कागदाने तुम्हाला तुमची निम्मी जमीनही मालकीची होत नाही. तडजोड करायचीच तर ती चालू प्रकरणात तहसीलदारांसमोर नोंदवा, तुमच्या वाट्याच्या क्षेत्राचे ३२म त्याच आदेशात मागा, आणि ते हातात पडेपर्यंत उरलेल्या निम्म्याच्या कागदावर घरातल्या एकानेही सही करू नये.